सिस्सूहून आल्यापासून स्टेअरिंग थरथरतंय, बॅलन्सिंग दोनदा झालं – आता काय बघू? (ठाणे)

वाघबीळकर – बुध, ८ जाने, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, ७१ हजार किमी. टायर १८५/६५ आर १५, चारही २०२१ मध्ये बदललेले. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं गाडीनेच मनालीला जाऊन आलो. अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूला दोन रात्री राहिलो, तिथे चार बोटं बर्फ पडला, मुलं खूश. ३१ तारखेला घरी.

आता तक्रार. सिस्सूला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली तर तिशीच्या वर जाताच अख्खी गाडी हादरायला लागली, बोनेट उघडून पडतंय की काय असं वाटलं. तासाभराने आपोआप थांबलं. म्हटलं थंडीमुळे असेल. पण ठाण्यात आल्यापासून सकाळी सोसायटीतून निघालं की पहिले तीन-चार किलोमीटर चाकातून धप-धप-धप येतं, मानपाड्यापर्यंत कमी होतं. आणि हायवेला ८० ओलांडले की स्टेअरिंग थरथरतं. ९० ला सगळ्यात जास्त. ११० ला जरा कमी.

वागळे इस्टेटला व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घेतलं. फरक शून्य. दुसरीकडे पुन्हा बॅलन्सिंग केलं. फरक शून्य. सर्व्हिस सेंटरने दोन्ही लोअर आर्म, पुढचे शॉकअप आणि दोन्ही डिस्क बदला म्हणून २८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. १९ तारखेला पुण्याला सासुरवाडीत हळदीकुंकू आहे, एक्सप्रेसवेने जायचंय. काय करू?

पामबीच_पायलट – बुध, ८ जाने, रात्री ११:०२

घोडबंदरवर राहून ८० चा वेग कुठे मिळाला तेवढं आधी सांगा. पत्ता द्या, आम्हीही येतो.

वाघबीळकर – बुध, ८ जाने, रात्री ११:०९

रविवारी पहाटे पाचला, ईस्टर्न एक्सप्रेसवर. मेट्रोचे खांब झोपलेले असतात तेव्हा.

नेरुळचा_नट – बुध, ८ जाने, रात्री ११:३१

२८ हजार अजिबात देऊ नका. आधी काही प्रश्न, जमेल तशी उत्तरं द्या.

ब्रेक न मारता थरथरतं की ब्रेक मारल्यावर? ब्रेक मारल्यावरच स्टेअरिंग हलत असेल आणि पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्क. सगळे म्हणतात डिस्क वाकली, पण खरं तर बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजल्याशिवाय कोणी बदला म्हणत असेल तर निघून यायचं.

अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतानाच थरथरतं आणि पाय काढला की थांबतं, असं आहे का? मग अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट. (बाहेरचा जॉइंट गेला तर पूर्ण वळणावर कट-कट आवाज येतो, तो वेगळा.)

स्टेअरिंग हलतं की सीट? स्टेअरिंग म्हणजे बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फ्लोअर म्हणजे मागची.

आणि वेगाऐवजी इंजिनाच्या आरपीएमबरोबर बदलतं का? ९० लाच, पण एकदा पाचव्यात आणि एकदा चौथ्यात चालवून बघा. दोन्ही वेळा सारखंच असेल तर इंजिन आणि त्याचे माउंट यांना क्लीन चिट.

वाघबीळकर – गुरु, ९ जाने, सकाळी ८:१५

ब्रेकशी संबंध नाही. पाय काढला तरी चालूच राहतं. स्टेअरिंगच, सीट अगदी किंचित. गिअरचं बघितलं नाही, रविवारी बघतो.

फियाटवाले_काका – गुरु, ९ जाने, सकाळी ९:५०

वाघबीळकर, तुम्ही तीन वेगळे आजार एकाच केसपेपरवर लिहिले आहेत. मी तेहतीस वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, अशी पोस्ट वाचली की आधी कागद फाडून तीन करतो.

सिस्सूचा हादरा म्हणजे रिममध्ये बसलेला बर्फ. ओला बर्फ रिमच्या आतल्या बाजूला चिकटतो, रात्री गोठून दगड होतो, आणि तोही एकाच बाजूला. म्हणजे चाकाला पाव-अर्धा किलोचं वजन एकीकडेच बांधून तुम्ही निघालात. ब्रेकच्या उष्णतेने तो वितळला आणि हादरा गेला. तिथली माणसं सकाळी निघण्याआधी लाकडी काठीने रिम आतून खरवडतात. आपल्याकडे पावसाळ्यात हेच चिखलाचं होतं, आणि घोडबंदरला तर सिमेंट मिक्सरच्या कृपेने काँक्रीटचं. रिममध्ये वाळलेलं काँक्रीट असताना वर बॅलन्सिंग करून दिलेलं मी बघितलंय. पुढच्या पावसात तो गोळा पडला आणि माणूस पुन्हा थरथरत आला.

सकाळची धप-धप म्हणजे फ्लॅट स्पॉट. गाडी गरम टायरवर येऊन उभी राहते, वजनाने टायर खाली चपटा होतो आणि थंड होताना आतलं नायलॉन त्याच आकारात आखडतं. सकाळी तो चपटा भाग दर फेरीला जमिनीवर आपटतो. टायर गरम झाला की जातं. ठाण्याची थंडी ती केवढी, पण तेवढीही पुरते, आणि हवा कमी असेल तर जास्तच जाणवतं.

उरला ९० चा आजार. तोच खरा.

अवांतर: बर्फात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला होतात का? मागचे ड्रम ओले असतील तर लायनर ड्रमलाच गोठून चिकटतो. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा.

वाघबीळकर – गुरु, ९ जाने, सकाळी १०:२२

काका, हँडब्रेक ओढला होता. सकाळी ‘टक्क’ आवाज येऊन सुटला. तुम्ही सिस्सूला होतात की काय?

ऐरोली_शून्यकंपन – गुरु, ९ जाने, दुपारी १:१२

९० लाच का, याचं गणित लंच ब्रेकमध्ये करून टाकते. तुमच्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंमी, घेर १.९५ मीटर. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं. चाक, हब, डिस्क हा सगळा ऐवज स्प्रिंग आणि टायर यांच्या मध्ये लटकलेला असतो आणि त्याची स्वतःची झुलण्याची लय सेकंदाला साधारण १० ते १५ वेळांची असते. दोन्ही लयी जुळल्या की झोका चढतो. वेग वाढला की लय चुकते, म्हणून तुम्हाला ११० ला बरं वाटतं. ते बरं झालेलं नसतं. जोर उलट वाढलेलाच असतो.

जोर किती? रिमच्या कडेला ३० ग्रॅम कमी-जास्त असतील तर ९० ला ते चाकाला साधारण पावणेचार किलोच्या जोराने ओढतात, तेही दर फेरीला दिशा बदलत. ४० ला हाच जोर पाऊण किलो. वेगाच्या वर्गाने चालतं ना. म्हणून गावात काही कळत नाही.

पण तुमचं बॅलन्सिंग दोनदा झालंय. तेव्हा एकतर ते नीट झालं नाही, नाहीतर चाक वजनाला बरोबर आणि आकाराला वाकडं आहे. अंडंसुद्धा बॅलन्स करता येतं. गोल मात्र ते होत नाही.

पामबीच_पायलट – गुरु, ९ जाने, दुपारी १:२०

शेवटची दोन वाक्यं आमच्या एचआरला पाठवतोय.

नेरुळचा_नट – गुरु, ९ जाने, दुपारी २:०५

+१. बॅलन्सिंग नीट झालं की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. मशीनवर ‘शून्य-शून्य’ आलं की त्या पोराला सांगायचं, चाक सैल कर, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसव आणि परत फिरव. पुन्हा शून्य किंवा पाचेक ग्रॅम आलं तर ठीक. एकदम २०-२५ ग्रॅम दाखवलं तर मशीनचा कोन (चाक मध्यात धरणारा शंकू) नीट बसला नव्हता, म्हणजे चाक मशीनवरच तिरकं होतं आणि तुम्ही पैसे देऊन चूक चिकटवून घेतली. पोरगं वैतागतं. चहा पाजायचा.

आणि अलाइनमेंटवर पैसे घालवणाऱ्या सगळ्यांसाठी: अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खातो. थरथर त्याने होत नाही. काउंटरवर दोन्ही जोडीनेच विकतात म्हणून लोकांना एकच वाटतं.

कळव्याचा_क्लच – गुरु, ९ जाने, सायं ७:४०

माझ्याकडे सेम प्रॉब्लेम होता, नायट्रोजन भरला, गेला. थंडीत साधी हवा आखडते, नायट्रोजन नाही.

ऐरोली_शून्यकंपन – गुरु, ९ जाने, रात्री ८:०३

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि थंडीत दोन्ही सारखेच आखडतात. साधारण साडेपाच अंशाला एक पीएसआय (टायरची हवा मोजतात ते एकक). तुमची थरथर गेली असेल तर नायट्रोजन भरताना प्रेशर बरोबर झालं म्हणून.

फियाटवाले_काका – गुरु, ९ जाने, रात्री ९:१५

वाघबीळकर, आता नीट आठवून सांगा. मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर ३०-४० च्या वेगाने, हात हलके ठेवून गेलात तर स्टेअरिंग हळू-हळू डावी-उजवीकडे डुलतं का? थरथर नाही म्हणत मी. डुलणं. म्हातारा मान हलवतो तसं.

आणि एक फुकटचा प्रयोग. रविवारी पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावा, बाजू न बदलता. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकाबरोबर गेला, म्हणजे लोअर आर्म, शॉकअप, डिस्क सगळं बाजूला ठेवा. स्टेअरिंगमध्येच राहिली तर दोष गाडीत. २८ हजारांचा प्रश्न एका जॅकवर सुटतो. सपाट जागा बघा, उरलेल्या चाकांना दगड लावा, गाडीखाली शिरू नका, आणि नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. पान्यावर पाय देऊन उड्या मारायच्या नाहीत. टॉर्क रेंच असेल तर पुस्तिकेतला आकडा बघून.

वाघबीळकर – शुक्र, १० जाने, सकाळी ८:५०

काका, डुलतं. ऑफिसला जाताना मुद्दाम बघितलं. ४० ला अगदी थोडं, पण डुलतं. मला वाटलं रस्ताच तसा आहे.

फियाटवाले_काका – शुक्र, १० जाने, सकाळी ९:३०

हं.

प्रवासात खड्ड्यात जोरात आपटली होती का? किंवा कमी हवेवर चालली होती?

वाघबीळकर – शुक्र, १० जाने, सकाळी ९:४४

खड्डे तर सगळीकडेच. जोरात असं आठवत नाही. हवा निघायच्या आधी ३३ केली होती.

नेरुळचा_नट – शनि, ११ जाने, रात्री ९:००

उद्या टेस्टला कुठे जाणार? पामबीचला नको, कॅमेरे आहेत, चलान घरी येईल. इकडे आलात तर उलव्यातून अटल सेतूवर चढा. कारला १०० ची परवानगी आहे आणि रस्ता असा की दोष गाडीचाच कळतो. टोल मात्र लागेल. तरी २८ हजारांपेक्षा स्वस्त.

वाघबीळकर – रवि, १२ जाने, सकाळी ११:३५

झालं. सोसायटीच्या पोडियमवर साडेपाचला चाकं बदलली, वॉचमनने टॉर्च धरला. वाटेत कुठे ६० च्या वर गेलो नाही, थेट सेतू. (आज त्याला उघडून बरोब्बर एक वर्ष झालं, एफएमवर सांगत होते.)

९० ला स्टेअरिंग शांत. लोण्यासारखं. आणि मागच्या सीटवरची बायको म्हणाली, “अहो, इथे मसाज चालू झालाय.” चौथ्यात, पाचव्यात दोन्हीकडे सारखंच.

म्हणजे दोष चाकात. काका, पायाशी येऊन नमस्कार करतो.

फियाटवाले_काका – रवि, १२ जाने, दुपारी १२:१०

नमस्कार नंतर. आता कोणतं चाक ते शोधायचं. पुढून मागे गेलेल्या दोघांपैकी एक. स्टेपनी त्याच साइझची आहे का? असेल तर ती आळीपाळीने त्या दोघांच्या जागी लावून चालवून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत बारीक स्टेपनी येते, तिच्यावर ८० चीच मर्यादा लिहिलेली असते. तशी असेल तर हा प्रयोग करायचा नाही.

नसेलच करायचा तर मागचं चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जमिनीवर एक विटेचा तुकडा ठेवून त्यावर खडू असा टेकवा की टायरपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहील. चाक हाताने हळू फिरवा. गोल टायरमध्ये फट सारखी राहते. एका जागी टायर खडूला लागला आणि पुढे सुटला, तर तिथे गाठ आहे.

वाघबीळकर – रवि, १२ जाने, दुपारी ४:२०

डावीकडचं. खडू एका वितीभर जागेत घासतो, बाकी फट. हात फिरवला तर तिथे टायर किंचित उंच लागतो, फुगा असा नाही दिसत. नक्षीची एक रेष तिथे थोडी वाकडी गेलीये. फोटो टाकलाय.

ऐरोली_शून्यकंपन – रवि, १२ जाने, दुपारी ४:४१

फोटो झूम केला. नक्षीची रेष जिथे वाकते तिथे आतला स्टीलचा बेल्ट सुटलाय. रबर आणि स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले की असं होतं. कृपा करून आता या टायरवर हायवे नको. पुण्याला तर नकोच. सुटलेला बेल्ट वेगात आणखी तापतो, आणखी सुटतो, आणि मग नक्षीचा अख्खा पट्टा निघून येतो.

पण २०२१ चा टायर, मोठा आपट नाही, मग सुटला का? कमी हवेवर खूप वेळ वेगात चालला तर टायरच्या खांद्यात (नक्षी आणि बाजू मिळतात तिथे) उष्णता साठते, ते एक नेहमीचं कारण. तुमची हवा तर ३३ होती म्हणता.

वाघबीळकर – रवि, १२ जाने, सायं ६:०५

आता खरं सांगतो. सिस्सूला बर्फावर गाडी सरकत होती, तिथल्या एकाने सांगितलं की हवा कमी करा, पकड येते. मी चारही चाकांत २४ केली. खाली उतरल्यावर भरायची होती. विसरलो. जयपूरच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा टायर बसल्यासारखे दिसले म्हणून भरली. मध्ये सातशे-आठशे किलोमीटर, चार माणसं, सामान, आणि ११०.

पहिल्या दिवशीच लिहायला हवं होतं. लाज वाटली.

ऐरोली_शून्यकंपन – रवि, १२ जाने, सायं ६:४८

२४ सुद्धा नव्हती हो. सिस्सू साधारण ३,१०० मीटरवर. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब १० पीएसआयच्या आसपास, आपल्याकडे १४.७. गेज टायरच्या आतला आणि बाहेरचा फरक दाखवतं. उणे ५ अंशात तिथे २४ दिसत असेल तर अंबाल्याला १५ अंशात तीच हवा २२ च्या आसपास दिसते. ऊन वाढलं म्हणून थोडी वाढली, पण खाली उतरल्यावर बाहेरचा दाब त्याहून जास्त वाढला.

गंमत म्हणजे ठाण्यात ३३ भरून तुम्ही काहीच केलं नसतंत तर सिस्सूला गेजवर ३२ दिसले असते. थंडीने साडेपाच काढले, उंचीने साडेचार दिले.

फियाटवाले_काका – रवि, १२ जाने, सायं ७:१०

लाज कसली. मी एकदा कसाऱ्याच्या घाटात ढिल्या नटांवर गाडी उतरवली आहे, वर्कशॉपचा माणूस असून. डॉक्टरला आणि मेकॅनिकला पूर्ण सांगावं एवढंच.

हवा कमी करणं चूक नाही. बर्फात, वाळूत करतात. वीसच्या वेगाने, तेवढ्या तुकड्यापुरती.

बाकीचे तीन टायरही त्याच हवेवर आलेत. दुकानात चारही रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा. आत काळी रबराची पूड निघाली किंवा कडेने गोल कडं उमटलेलं दिसलं तर तोही टाका.

वाघबीळकर – बुध, १५ जाने, रात्री ९:५५

काल संक्रांत असूनही टायरवाल्याकडे तीन तास. मागच्या डाव्याचा बेल्ट सुटलेलाच निघाला, कापून दाखवला, बोट आत जात होतं. मागच्या उजव्यात, म्हणजे आधी पुढे होता त्यात, काळी पूड. दोन्ही टाकले. उरलेले दोन आतून स्वच्छ. दोन नवे घेतले, कोड ४१२४, म्हणजे २०२४ चा ४१ वा आठवडा. रिम सरळ आहेत. बॅलन्सिंग नटरावांच्या पद्धतीने करवलं, पहिल्या वेळी उलटं बसवल्यावर २५ ग्रॅम दाखवले. पोरगं खरंच वैतागलं. तिळगूळ दिला.

नवे दोन पुढे लावले. रात्री हायवेला ९० ला काही नाही, ना स्टेअरिंगला ना सीटला.

नेरुळचा_नट – बुध, १५ जाने, रात्री १०:१२

नवे मागे लावा.

कळव्याचा_क्लच – बुध, १५ जाने, रात्री १०:१५

का? ओढतात पुढची चाकं, ब्रेकही जास्त पुढेच. नवे पुढेच हवेत.

नेरुळचा_नट – बुध, १५ जाने, रात्री १०:३०

पाण्यात पुढच्या टायरांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागच्यांची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं तुमच्या-माझ्या हातात नसतं. पाऊस येईपर्यंत वाद घालायला वेळ आहे, पण मी असतो तर आत्ताच बदलले असते.

वाघबीळकर – गुरु, १६ जाने, सकाळी ९:०५

बदलतो, रविवारच्या आधी. वॉचमन आता सरावलाय. सकाळची धप-धप मात्र अजून आहे, एखादा किलोमीटर.

फियाटवाले_काका – गुरु, १६ जाने, सकाळी ९:४०

ती राहू द्या. फेब्रुवारी संपेपर्यंत आपोआप जाईल. पुण्याला निघण्याआधी सकाळी, गाडी थंड असताना हवा बघा, पंपावर पोचल्यावर नको. आणि स्टेपनीचा कोड?

वाघबीळकर – गुरु, १६ जाने, सकाळी १०:५८

४४१७. हवा ११.